टस्कनीत वाइन चाखायला आठ जण: दिवसाला दोनच वायनऱ्या का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ मित्रमैत्रिणी सप्टेंबरच्या शेवटी सहा दिवस इटलीत आहेत. टस्कनीच्या खेड्यापाड्यांतल्या वायनऱ्या बघायच्या आणि वाइन चाखायची आहे. तिघं शाकाहारी, एक जण दारूला शिवत नाही. बेत आहे रोज चार वायनऱ्यांचा, मधेच पिसाचा मनोरा, आणि जमलं तर उत्तरेला पिएमाँते प्रांतात जाऊन तिथली बारोलो वाइनसुद्धा. एक भाड्याची गाडी पुरेल का?

आधी पिएमाँते काढून टाका. फ्लोरेन्सहून बारोलोजवळचं आल्बा गाव गाडीने चार-साडेचार तास, म्हणजे जाण्यायेण्यात एक अख्खा दिवस गेला. बारोलो पुढच्या खेपेला. पिसाही काढा, तो उलट्या दिशेला आहे. उरले ते टस्कनीतलेच वाइनचे तीन भाग: कियांती क्लासिको, मोंताल्चिनो आणि मोंतेपुल्चानो. सहा दिवसांना हे भरपूर आहे.

आता रोज चार वायनऱ्यांचं गणित मांडू. टेस्टिंगमध्ये एका वाइनचे साधारण ५० मिली ओततात. पाच वाइन म्हणजे २५० मिली, बाटलीचा तिसरा हिस्सा. इथल्या लाल वाइन १४ टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे पोटात गेलं सुमारे २८ ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते ढोबळमानाने लिटरला ०.५७ ग्रॅमपर्यंत जातं, पंचावन्न किलोच्या बाईच्या रक्तात ०.८५ पर्यंत. यकृत तासाला साधारण ०.१५ कमी करतं. इटलीत गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ०.५ ची आहे. ज्याला परवाना मिळून तीन वर्षं झालेली नाहीत, त्याला शून्य. ०.८ च्या वर गेलात तर प्रकरण नुसत्या दंडावर मिटत नाही, फौजदारी होतं. म्हणजे सगळे घोट गिळले तर पहिल्याच वायनरीतून बाहेर पडताना पुरुष काठावर असतो, बाई पलीकडे गेलेली असते, आणि दुसऱ्या वायनरीनंतर दोघंही नक्की पलीकडे. पोलिसांचं सोडा, तिसऱ्या ठिकाणी जीभच बधिर झालेली असते. तिथे वीस-तीस युरो मोजून काय प्यायलो हे रात्री कुणाला सांगता येत नाही. म्हणून सकाळी एक, दुपारी एक. बस.

गाडीचं काय? दोन रस्ते आहेत. पहिला, टेस्टिंगच्या दिवसांपुरती चालकासह व्हॅन घ्यायची. इटलीत या सेवेला 'एन-सी-सी' म्हणतात. व्हॅनमध्ये चालकासह नऊ जागा असतात, म्हणजे तुम्ही आठ जण नेमके बसता. पण आठ जण आणि आठ मोठ्या बॅगा एकाच वेळी मावत नाहीत, हे बहुतेकांना निघायच्या दिवशी कळतं. मुक्काम बदलायच्या दिवशी एक तर वेगळी टॅक्सी सांगा, नाहीतर सगळ्यांनी मधल्या आकाराची बॅग आणायची असं आधीच ठरवा. दर विचारताना किती तास, किती किलोमीटर आणि जादा तासाला किती, हे लेखी घ्या.

दुसरा रस्ता म्हणजे तुमच्यातला न पिणारा मित्र. हे त्याच्या गळ्यात टाकण्याआधी त्याला विचारा. उजव्या बाजूने चालणारी वाहतूक, बहुतेक वेळा हाताने बदलायचे गिअर, वळणांचे अरुंद रस्ते आणि शेवटचे दोन-तीन किलोमीटर पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता, असं ते काम आहे. भारतीय परवान्यासोबत आरटीओतून घेतलेला आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो. तो एक वर्ष चालतो. मूळ परवाना घरी ठेवून नुसता तो नेला तर काउंटरवर गाडी मिळत नाही. फ्लोरेन्स आणि सिएनाच्या जुन्या भागात 'झेडटीएल' म्हणजे वाहनबंदीचा पट्टा आहे. पांढऱ्या वर्तुळाला लाल कडा असलेली पाटी आणि वर कॅमेरा. आत गेलात तर कुणी अडवत नाही. काही महिन्यांनी दंड येतो, वर गाडीवाल्या कंपनीची हाताळणी फी वेगळी. गाडी शहरातून घेऊ नका, विमानतळावरून घ्या.

मार्ग असा बसवा: विमानाने फ्लोरेन्सला उतरा आणि परतीचं विमान रोमहून घ्या. पहिले तीन मुक्काम कियांतीत, ग्रेवे, पान्झानो किंवा कास्तेल्लिनाच्या आसपासच्या एखाद्या 'आग्रितुरिस्मो'त, म्हणजे शेतावरच्या घरात. पुढचे दोन मोंताल्चिनोजवळ. आठ जणांना हॉटेलच्या चार खोल्यांपेक्षा स्वयंपाकघर असलेलं अख्खं घर स्वस्त पडतं. शिवाय संध्याकाळी अर्धी उरलेली बाटली कुठे बसून संपवायची हा प्रश्न राहत नाही.

पोचलात त्या दिवशी टेस्टिंग ठेवू नका. दुसऱ्या दिवशी ग्रेवे आणि पान्झानो. तिसऱ्या दिवशी गायोले आणि रादा. गायोलेजवळ ब्रोलियोचा किल्ला आहे. बेत्तिनो रिकासोली या जहागीरदाराने १८७२ साली कियांतीत कोणती द्राक्षं कशासाठी घालावीत हे एका पत्रात लिहून ठेवलं, तो इथला. चौथा दिवस मोकळा ठेवा: सिएना फिरा आणि संध्याकाळी मोंताल्चिनोला पोचा. हा कोरडा दिवस बेतातून कापू नका, जिभेला आणि यकृताला तो हवा असतो. पाचव्या दिवशी मोंताल्चिनोत एक वायनरी उत्तर उतारावरची आणि एक दक्षिण उतारावरची घ्या. उत्तरेकडे थंडावा जास्त, तिथली वाइन सडपातळ आणि आंबटसर. दक्षिणेला ऊन जास्त, तिथली भरदार. द्राक्ष एकच, पाटी एकच, तरी फरक नवख्यालाही कळतो. सगळ्या सहलीत शिकण्यासारखी ही सर्वांत सोपी गोष्ट आहे.

सहाव्या दिवशी पिएन्झावरून मोंतेपुल्चानो. या गावाची सोय अशी की जुनी तळघरं गावाच्या पोटातच आहेत. गाडी खाली लावायची आणि पायी एका तळघरातून दुसऱ्यात जायचं. तिथून किउसी स्टेशन जवळ आहे, रोमची रेल्वे मिळते. नावाची एक गफलत टाळा: मोंतेपुल्चानो गावाची 'व्हिनो नोबिले' मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाची असते. 'मोंतेपुल्चानो द'आब्रुत्सो' हे वेगळ्या प्रांतातल्या वेगळ्या द्राक्षाचं नाव आहे.

फ्लोरेन्स ते सिएना जाणारा 'कियांतिजाना' रस्ता, क्रमांक २२२, फार सुंदर आहे आणि नुसता वळणांचा आहे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं. मॅपवर चाळीस मिनिटं दिसली तर तासभर धरा.

सप्टेंबरच्या शेवटाबद्दल. हवा उत्तम असते आणि काढणी चालू असते. काढणी चालू असणं ही चांगली बातमी आहे आणि अडचणही. नाशिकच्या खुड्याच्या दिवसांत कुणी द्राक्ष बागायतदाराला 'जरा दोन तास माहिती द्या' म्हटलं तर काय उत्तर मिळेल, ते आठवा. छोटी घराणी या दिवसांत पाहुणे घेतच नाहीत किंवा मोजकेच घेतात. म्हणून दोन महिने आधी मेल टाका. जिथे घेतात तिथे मात्र जे दिसतं ते मे महिन्यात दिसत नाही. टाकीत फसफसणाऱ्या रसावर सालांचा जाड थर तरंगत असतो आणि खालचा रस पंपाने वर चढवून त्या थरावर सोडत असतात, म्हणजे सालांतला रंग आणि तुरटपणा उतरतो. टाकीच्या तोंडाशी वाकून वास घेऊ नका. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड तिथे साठलेला असतो आणि एका श्वासात घेरी येते.

मेल इंग्रजीत चालतो. त्यात तारीख, वेळ, किती जण, पैकी किती पिणार, किती शाकाहारी आणि एक फोन नंबर एवढं हवं. जे पिणार नाहीत त्यांना फेरफटका कमी दरात मिळेल का, तेही विचारा. अनेक ठिकाणी मिळतो. साध्या टेस्टिंगला माणशी साधारण २० ते ४० युरो पडतात. जुन्या सालच्या बाटल्या हव्या असतील तर बरेच जास्त. वेळ सकाळी साडेदहाची आणि दुपारी साडेतीनची मागा, कारण साडेबारा-एक ते अडीच-तीन बऱ्याच ठिकाणी दार बंद असतं आणि गावातल्या खानावळीची चूलही अडीचला विझते. साडेबाराच्या टेस्टिंगला होकार देणारे फसतात. बाहेर पडतात तेव्हा दोन वाजून गेलेले असतात, पोटात नुसती वाइन, आणि कुठे जेवण नाही. रविवारी छोट्या वायनऱ्या बहुधा बंद. उशीर होणार असेल तर फोन करा. न सांगता न गेल्यास कार्डावर पैसे लागतात, आणि ते रास्तच आहे.

वायनऱ्या निवडताना चारांत एक मोठं घराणं ठेवा. कियांतीतल्या बार्जिनोला आंतिनोरींची टेकडीच्या पोटात बांधलेली वायनरी आहे. घराणं १३८५ पासून वाइनच्या धंद्यात आहे आणि ही इमारत २०१२ ची. वास्तू म्हणून बघण्यासारखी आहे. बाकीच्या तीन छोट्या घ्या, जिथे ओतणारा माणूस आणि छाटणी करणारा माणूस एकच असण्याची शक्यता असते. सगळ्याच मोठ्या घेतल्या तर तीच पुस्तिका चार वेळा ऐकाल.

आता प्रत्यक्ष चाखणं. निघायच्या आधी एक तालीम घरीच करता येते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीच्या मळ्यात सांजोवेझे लावलेलं आहे आणि त्यांची 'सेत्ते' ही वाइन सांजोवेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों यांची आहे. एक बाटली आठ जणांत फोडा, म्हणजे त्या द्राक्षाची चव तिथे जाण्याआधीच तोंडओळखीची होते. नुसतं सांजोवेझे मात्र याहून फिकं आणि आंबट निघेल, ती तयारी ठेवा.

टेस्टिंगच्या सकाळी अत्तर, सेंट, सुगंधी तेल काही नको. एका माणसाचा सेंट आठ जणांचं नाक बंद करतो. बडीशेप, पुदिन्याची गोळी, सुपारी हेही नको. नुसत्या कॉफी आणि कोर्नेत्तोवर, म्हणजे तिथल्या गोड पावावर, निघू नका, अंडी, चीज, ब्रेड काहीतरी खाऊन निघा.

ग्लास दांडीला धरा. पांढऱ्या कागदावर तिरपा करून कडेकडे बघा. सांजोवेझे फिकट माणकासारखी असते, तिच्यातून अक्षरं जवळजवळ वाचता येतात. गडद नाही म्हणून ती पातळ, हा समज इथे सोडायचा. आधी न हलवता वास घ्या, मग दोन वळसे देऊन. चेरी, सुकलेली फुलं, थोडी ओली माती, जुनी असेल तर चामडं. आता दहा-पंधरा मिली तोंडात घ्या आणि दहा सेकंद फिरवा. दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळखा. जिभेच्या कडांना पाणी सुटतं ते आम्लाने, आमसुलाने सुटतं तसं. हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी होऊन ओढल्यासारखी वाटते ते टॅनिन या सालांतल्या तुरट द्रव्याने, जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर होतं तसं. सांजोवेझेमध्ये दोन्ही भरपूर. नवख्यांना म्हणूनच ती पहिल्या घोटाला कडक लागते. सोबत पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजचा तुकडा खाऊन पुन्हा घोट घ्या, ओढ लगेच सैल पडते. टस्कनीच्या ब्रेडमध्ये मीठ नसतं, ती चूक समजू नका. वाइनच्या दोन घोटांमध्ये तोंड पुसायला तो उत्तम.

मग थुंका. टेबलावर भांडं ठेवलेलं असतं. नसेल तर 'स्पुताक्किएरा' मागा, म्हणजे पिकदाणी. थुंकण्यात अपमान नाही, वाइन बनवणारा स्वतः तेच करतो. पान खाणाऱ्यांचा सराव इथे प्रथमच सत्कारणी लागतो. बाकीच्यांनी घरी बेसिनवर पाण्याने सराव करावा: ओठ आवळून, पुढे वाकून, एकच बारीक धार. पांढरा शर्ट त्या दिवशी नको. पाचांतल्या चार थुंकून सर्वांत आवडलेली एकच प्यायलात, तर वरचं गणित एकदम सैल होतं. तरी गाडी चालवणाऱ्याने थुंकण्याच्या भरवशावर चाखू नये, थोडं तोंडातूनही जातंच. प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी. आणि प्रत्येक वाइनपुढे तीन शब्द लिहून लेबलचा फोटो काढा, तिसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या सारख्या वाटू लागतात.

वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा दमट गोणपाटाचा वास आला तर ते बुचाचं दूषण आहे. शांतपणे सांगा, दुसरी बाटली उघडतात. मात्र 'आवडली नाही' म्हणून बाटली बदलून मागायची नसते.

लेबल वाचायला फार लागत नाही. कियांती क्लासिकोवर काळा कोंबडा असतो आणि त्यात किमान ८० टक्के सांजोवेझे लागतं. नुसतं 'कियांती' हे वेगळं, बरंच मोठं क्षेत्र आहे. कोंबड्याखाली तीन पायऱ्या: साधी 'आन्नाता', मग किमान २४ महिने मुरलेली 'रिझेर्वा', मग ३० महिन्यांची 'ग्रान सेलेझिओने', ही पायरी २०१४ पासूनची. वरची पायरी महाग असते, दर वेळी सरस असतेच असं नाही. लाकडाचा वास द्राक्षावर चढलेला असेल तर आन्नाताच घ्या. विचारायचा एकच प्रश्न: मोठ्या पिंपात मुरवली की 'बारिक' या २२५ लिटरच्या छोट्या पिंपात? मोठ्या जुन्या पिंपात लाकडाची चव कमी उतरते. मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो शंभर टक्के सांजोवेझे असते आणि काढणीनंतरच्या पाचव्या वर्षी १ जानेवारीला बाजारात येते, म्हणजे २०२० ची २०२५ मध्ये. तिचीच धाकटी बहीण 'रोस्सो दि मोंताल्चिनो' काढणीच्या पुढच्याच वर्षी येते आणि किंमत बरीच कमी. जेवणासोबत प्यायला बहुतेकांना रोस्सोच जास्त आवडते, फक्त ते कबूल करायला लाजतात.

शाकाहाऱ्यांसाठी: टेस्टिंगसोबत येणारं ताट मुख्यतः डुकराच्या मांसाच्या चकत्यांचं असतं, म्हणून आकडा आधी कळवायचा. रिबोल्लिता हे ब्रेड-पालेभाज्यांचं दाट सूप आणि पिची ही पिठा-पाण्याची जाड शेवई, लसूण-टोमॅटोच्या 'आग्लियोने'सोबत, ही हक्काची जेवणं. सुपाला मांसाचं पाणी वापरलंय का, हे मात्र विचारा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा ब्रोदो दि कार्ने'. पेकोरिनो परंपरेने वासरा-कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. हे कडक शाकाहाऱ्याला आधीच सांगा, त्याला पिएन्झाच्या चीजच्या दुकानात उभं करून नव्हे. न पिणाऱ्या मित्रासाठी ऑलिव्ह तेलाचं टेस्टिंग ठेवता येतं, बऱ्याच मळ्यांचं स्वतःचं तेल असतं.

खरेदी. भारतात उतरताना प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. तीन बाटल्या म्हणजे २.२५ लिटर, तिथेच लोक अडकतात. आणि आठ जणांचा कोटा एकत्र मोजत नाहीत, ज्याच्या त्याच्या बॅगेत ज्याचं त्याचं. दोन लाल बाटल्या आणि एक ५०० मिलीची विन सांतो, बरोबर दोन लिटर होतात. विन सांतो ही चटयांवर सुकवलेल्या पांढऱ्या द्राक्षांची गोड वाइन, छोट्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवलेली, आणि ती लहान बाटलीतच मिळते. भरलेली बाटली १.२ ते १.५ किलोची, म्हणून जाताना बॅगेत चार किलो जागा सोडा. हातातल्या बॅगेत चालत नाही. प्रत्येक बाटली वेगळ्या प्लास्टिक पिशवीत, मग जीन्समध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नको. मळ्यावरून भारतात पार्सल मागवायच्या फंदात पडू नका. शुल्क आणि कागदपत्रं वाइनहून महाग पडतात. तुमच्यातलं कुणी जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहत असेल, तर त्याला ही अडचण नाही, त्याने गाडी भरून न्यावी.

एकाच पावतीवर ७० युरोंच्या वर खरेदी झाली तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्यांना कराचा काही भाग परत मिळतो. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या आणि विमानतळावर बॅग आत सोडण्याआधी कस्टम्सची नोंद करा. बॅग गेल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

दिवसभर उन्हात उभ्या गाडीत बाटल्या ठेवू नका, बूच वर सरकतं आणि वाइन शिजते. घरी आल्यावर दोन आठवडे आडव्या पडू द्या. ब्रुनेल्लो दहा वर्षं ठेवायची म्हणून आणली असेल आणि घरी वाइनचं वेगळं कपाट नसेल, तर बेत बदला. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात लाकडी कपाटात ती दोन मे महिनेही नीट काढत नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, प्यायच्या तासभर आधी बाहेर काढा, १६ ते १८ अंशांवर आली की उघडा, आणि पहिला पाऊस पडायच्या आत संपवा.